वाल, मटकी आणि गेटिसबर्ग

पुस्तकाचं नाव 'द किलर एंजल्स', लेखक मायकल शारा. आधीच सांगून टाकते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

जूनमध्ये बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले काही दिवस वाचन बंद. आता ज्या माणसाने आयुष्यात विडी-तंबाखू काही केलं नाही, फक्त लायब्ररीतनं पुस्तकं आणून वाचली आणि त्यातही लढायांचीच, त्याला वाचन बंद म्हणजे किती जड जात असेल बघा. बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, 1971 ला पूर्वेकडच्या आघाडीवर होते, याच्यापलीकडे त्यांनी आम्हाला घरात कधी काही सांगितलं नाही. फौजेतनं आल्यावर एका बँकेत बंदूकवाले गार्ड म्हणून राहिले आणि काळाचौकीच्या खोलीत कपाटभर कादंबऱ्या जमवल्या. मी राहते वाशीला, ऑफिस फोर्टात, म्हणजे हार्बरने जाताना-येताना कॉटन ग्रीन लागतंच. तर ठरवलं की संध्याकाळी तिथे उतरायचं, तासभर बाबांना वाचून दाखवायचं आणि मग घरी जायचं.

फाउंटनच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात हे मिळालं, दीडशे रुपयांना. नाव ऐकून होते. 1974 साली आलं, 1975 चं पुलित्झर मिळालं, अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई, आणि सगळी गोष्ट सेनापतींच्या डोक्यात बसून सांगितलेली, एवढं माहीत होतं. घरी आल्यावर कळलं की दोन ठिकाणचे नकाशे कुणीतरी फाडून नेलेत. विकणाऱ्याला ते माहीत होतं की नाही देव जाणे, पण मी पानं चाळून बघायला हवी होती. कारण ह्या पुस्तकात नकाशे म्हणजे शोभेची गोष्ट नाहीये, मधेमधे येतात आणि त्या त्या दिवशी कोण कुठे उभं होतं ते दाखवतात, ते नसले तर पन्नास पानांनंतर तुम्ही हरवलात म्हणून समजा. घेणार असाल तर प्रत उघडून नकाशे मोजा, मग पैसे द्या.

पुस्तक इंग्रजीत, बाबांचं इंग्रजी फौजेतल्या ऑर्डरींपुरतं. म्हणून मी जाताना ट्रेनमध्ये एक प्रकरण वाचायचे, आणि संध्याकाळी तेच समोर धरून मराठीत बोलत जायचे. हे जमलं याचं श्रेय लेखकालाच आहे, कारण वाक्यं अगदी छोटी छोटी आहेत, माणूस विचार करताना जसे तुकडे तुकडे मनात येतात तशी. रचना पण सोपी. लढाईच्या आदल्या दोन दिवसांपासून सुरुवात, मग 1, 2, 3 जुलै 1863, आणि प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर एका माणसाचं नाव. दक्षिणेचा सेनापती ली, त्याच्याकडचे लाँगस्ट्रीट आणि आर्मिस्टेड, उत्तरेचे चेंबरलेन आणि ब्यूफर्ड. त्या प्रकरणात जे त्या माणसाला दिसतं तेवढंच तुम्हाला दिसतं. टेकडीच्या पलीकडे काय आहे हे त्याला माहीत नसेल तर तुम्हाला पण नाही.

आणि हेच ह्या पुस्तकाचं खरं बळ आहे असं मला वाटतं. आपण लढाई वाचतो ती शेवट माहीत असताना वाचतो, त्यामुळे शहाणपण फुकट येतं, पानिपतावर भाऊने असं करायला नको होतं आणि तसं करायला हवं होतं. इथे तुम्ही लीच्या शेजारी घोड्यावर बसलेले असता आणि त्याला शत्रूची फौज कुठे आहे हेच ठाऊक नाही, कारण त्याचं घोडदळ घेऊन जेब स्टुअर्ट शत्रूला वळसा घालायला गेलाय तो परत यायचं नाव नाही, काही खबर पण नाही. परक्या मुलखात, पेनसिल्व्हेनियात, सत्तर-पंच्याहत्तर हजार माणसं घेऊन हा माणूस आंधळा फिरतोय. शत्रू जवळ आलाय ही बातमी त्याला मिळते ती एका भाड्याच्या हेराकडनं. स्टुअर्ट उगवतो थेट दुसऱ्या दिवशी, तोपर्यंत लढाई जुंपलेली. बाबा इथे पहिल्यांदा बोलले, "घोडदळ म्हंजे डोळे. ह्याच्या डोळ्यावर पण पट्टीच हाय की." त्यांच्या स्वतःच्या डोळ्यावर तेव्हा ती प्लॅस्टिकची जाळीवाली टोपी होती.

पहिल्या दिवशीचा ब्यूफर्ड हा माणूस मला फार आवडला. उत्तरेच्या घोडदळाचा जनरल, बरोबर फक्त दोन ब्रिगेड, आदल्या दिवशी गावात येतो, आजूबाजूच्या टेकड्या आणि लांबट उंचवटे बघतो, आणि त्याच्या लक्षात येतं की ही उंचावरची जागा ज्याच्या हातात जाईल तो जिंकला. मागची पायदळाची कुमक येईपर्यंत घोड्यांवरनं उतरून, रांगेत पडून, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांना थोपवून धरायचं, एवढंच त्याने ठरवलं. सकाळी जनरल रेनल्ड्स पायदळ घेऊन येतो आणि आल्या आल्या गोळी लागून मरतो. ब्यूफर्डला मात्र आदल्या रात्रीच चित्र दिसलेलं असतं, आपलीच माणसं टेकडीवर चढताना कापली जातायत, कारण आपल्या वरच्या कुणीतरी ती टेकडी हातची घालवली. एकदा आधी असं झालेलं त्याने पाहिलंय, परत होणार अशी त्याला खात्री आहे. ते प्रकरण मी वाशी ते वडाळा सलग वाचलं, उभ्याने, बॅग पायात धरून, आणि वडाळ्याला गर्दी आत शिरली ते मला कळलं पण नाही.

नकाशे नव्हते म्हणून एक दिवस बाबांनी स्वतःच तयारी करून ठेवलेली. पलंगावर चादरीच्या दोन घड्या समोरासमोर, एक घडी लांब आणि वरच्या टोकाला वळवलेली. मी आधी सांगितलं होतं की उत्तरेच्या फौजेची फळी माशाच्या गळासारखी होती, साधारण तीन मैलांची, तर त्यांनी बरोबर तसा गळ केला होता. उत्तरेचे पांढरे वाल, दक्षिणेची मटकी. डोळ्यात टाकायच्या थेंबांची बाटली म्हणजे लिटल राउंड टॉप ही टेकडी, ती गळाच्या खालच्या टोकाला. आई ओरडली की मटकी भिजवायचीय, तर म्हणाले तीन दिवस थांब, तीन दिवसांचीच लढाई आहे. मग माझ्या बोलण्याबरोबर बोटाने वाल सरकवत राहिले, आणि एकदम थांबून म्हणाले, "हे बघ बाय, हे आतल्या अंगाला हायेत. हिकडचा माणूस तिकडं न्यायला ह्यांना थोडकंच चालायचंय. मटकीवाल्यांना सगळा फेरा मारायचाय." मी वर बघितलं. दोनशे पानांत जे मला नीट कळलं नव्हतं ते वालांनी पाच मिनिटांत कळलं. म्हणून माझा सल्ला, नकाशे असले तरी कडधान्य घेऊन बसा, खरंच सांगतेय.

मराठी माणसाने हे पुस्तक वाचलं की डोक्यात पानिपत आल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडे विश्वास पाटलांचं 'पानिपत' 1988 ला आलं, त्याच्याआधी कितीतरी घरांत भाऊसाहेब म्हणजे हट्टी, ऐकत नसलेला माणूस एवढंच होतं. 'विश्वास पानिपतात गेला' असं म्हणून दोन पिढ्यांनी विषय संपवला. बाबांच्या कपाटात त्या कादंबरीची पुठ्ठा सुटलेली प्रत आहे, आणि ह्या महिन्याभरात आमचं अर्धं बोलणं भाऊ आणि ली यांच्यावरच झालं. सारखेपणा दिसतोच. भाऊ उदगीर जिंकून आलेला, ली चान्सेलर्सव्हिल जिंकून आलेला, दोघांच्या फौजांना वाटतंय आपण हरत नसतो. दोघेही घरापासून लांब. दोघांच्या छावणीत लढायचं कसं यावरनं दोन मतं. तिकडे लाँगस्ट्रीट सांगतोय की इथे डोकं आपटू नका, यांच्या बगलेनं वळसा घालून यांच्या आणि वॉशिंग्टनच्या मधे जाऊन बसू, चांगली जागा धरू आणि त्यांना येऊदे आपल्या अंगावर. इकडे मल्हारराव होळकर म्हणतायत बायकापोरं आणि जड तोफा मागे ठेवा, गनिमी काव्याने लढू, आणि इब्राहिमखान गारदी म्हणतोय गोल बांधून तोफखान्याच्या जोरावर जायचं.

पण बाबांनी एक फरक सांगितला तो मला पटला. लीला 2 जुलैच्या रात्री निघून जाता आलं असतं. रस्ता होता, अन्न होतं, फौज अजून शाबूत होती. भाऊला तसं नव्हतं. कुंजपुरा जिंकून वळतोय तोवर अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीचा रस्ता तुटला, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची आशा पण गेली, अडीच महिने पानिपतात कोंडून, बुणगे-यात्रेकरूंसकट माणसं आणि जनावरं उपाशी. 14 जानेवारी 1761 ला तो बाहेर पडला तेव्हा निवड अशी राहिलीच नव्हती. तिसाव्या वर्षी. "लीनं मागितलं म्हणून ते झालं, भाऊवर ते येऊन पडलं," बाबा म्हणाले. मला वाटतं सेनापतीच्या बाजूने लिहिलेली गोष्ट वाचायचा हाच फायदा आहे, हरला म्हणजे चुकला असं सरसकट म्हणता येत नाही, कुठल्या घटकेला त्याच्या हातात किती दोऱ्या होत्या ते मोजावं लागतं.

अजून एक. लाँगस्ट्रीट लढाईतनं जिवंत राहिला, 1896 मध्ये आठवणींचं जाडजूड पुस्तक लिहून गेला, इतरांनी पण लिहिलं. शाराला त्या आठवणी, पत्रं हाताशी होती. भाऊंकडनं आपल्याला त्या दिवसाचं काहीच मिळालं नाही. अब्दालीला मिळालेल्या अवधच्या नवाब शुजाच्या बाजूला असलेल्या काशीराज पंडिताने लिहून ठेवलं ते शत्रूच्या छावणीतनं दिसलेलं. विश्वासरावांना गोळी लागली, भाऊ हत्तीवरनं उतरून घोड्यावर बसले, आणि त्या उतरण्याच्या क्षणी त्यांच्या मनात काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला उरलं नाही. तिथे कादंबरीकाराला स्वतःच्या जिवावर उभं राहावं लागतं. हे लक्षात घेऊन दोन्ही पुस्तकं वाचली तर आपल्या पुस्तकाबद्दलचा आदर वाढतो, कमी होत नाही.

आता चेंबरलेन. हा फौजी नव्हे, मेनमधल्या बोडन कॉलेजात प्राध्यापक, लढाईत आला तो स्वतःहून. ट्वेंटिएथ मेन ही त्याची रेजिमेंट, त्यात उरलेली माणसं पावणेचारशे-चारशे, आणि त्यांना उभं केलंय सगळ्या फळीच्या अगदी डाव्या टोकाला, लिटल राउंड टॉपवर. त्याच्या डावीकडे कुणीच नाही. तो हटला की मागनं सगळी फळी उलगडत जाणार. एकामागून एक हल्ले येतात, काडतुसं संपतात, मेलेल्यांच्या थैल्यांतली काढून वापरतात ती पण संपतात, आणि शेवटी हा मास्तर संगिनी लावायला सांगतो आणि टेकडीवरनं खाली धावत सुटतो. शाळेतल्या पोरांना सांगावी अशी गोष्ट आहे आणि अमेरिकेत ती सांगतात पण.

पण मला आणि बाबांना जे लागलं ते दुसरंच. चेंबरलेनचा धाकटा भाऊ टॉम त्याच्याच रेजिमेंटमध्ये आहे. लढाईच्या भरात फळीत एक भगदाड पडतं आणि चेंबरलेन समोर जो दिसला त्याला सांगतो, तू जा तिथे उभा राहा. तो टॉम असतो. टॉम जातो. त्या क्षणी काहीच वाटत नाही, नंतर वाटतं. नंतर तो विचार करत बसतो की मी माझ्या भावाला भोक बुजवायला वापरला, विचार न करता, दगड उचलून लावावा तसा. मी हे वाचत होते तेव्हा खालून गणपतीच्या कारखान्यात कुणीतरी पत्रा ठोकत होतं, बाबा म्हणाले जरा खिडकी लाव आणि परत वाच. परत वाचलं. मग म्हणाले, "एका पलटणीत दोन भाव ठेवू नयेत. आमच्यात होते." पुढे काही बोलले नाहीत. मी पण विचारलं नाही.

तिसऱ्या दिवसाचं सांगायचं तर आधी थोडं मागचं सांगावं लागेल. लाँगस्ट्रीट हा लीचा उजवा हात. 1862 च्या जानेवारीत रिचमंडला स्कार्लेट तापाची साथ आली त्यात ह्या माणसाची तीन मुलं आठवडाभरात गेली. तेव्हापासून तो गप्प झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फ्रेडरिक्सबर्गला त्याचीच माणसं दगडी भिंतीमागे उभी होती आणि उत्तरेच्या लाटा उघड्या मैदानावरनं चढून येत होत्या, एकामागून एक, आणि भिंतीपर्यंत एक पण पोचली नाही. म्हणजे उघड्या मैदानातनं चढत जाणाऱ्यांचं काय होतं हे त्याने दुसऱ्या बाजूने पाहिलंय. आणि आता ली त्याला सांगतोय की तूच पाठव, साडेबारा हजार माणसं, जवळपास मैलभर उघड्या शेतातनं, समोरच्या उंचवट्यावर, जिथे तोफा आणि दगडी कठडा आहे. तो लीला सांगतो की हे होणार नाही. ली ऐकून घेतो आणि हुकूम बदलत नाही.

मग दुपारी तोफांचा मारा सुरू व्हायचा असतो. लाँगस्ट्रीट काय करतो, अलेक्झांडर नावाचा अठ्ठावीस वर्षांचा तोफखान्याचा कर्नल असतो त्याला चिठ्ठी पाठवतो, की माऱ्याचा परिणाम झाला नाही असं वाटलं तर हल्ल्याला निघणाऱ्या जनरल पिकेटला सोडू नको, तू ठरव. एवढा मोठा जनरल, आणि निर्णय खाली एका पोरावर ढकलायला बघतोय. बाबा लगेच म्हणाले, "नाही म्हणवत नव्हतं म्हणून खाली दिलं." बरोबर तेच आहे. तो पोरगा पण हुशार, उलट चिठ्ठी लिहितो की दुसरा काही उपाय असेल तर आधीच विचार करा, माझ्याकडचा दारूगोळा ह्याच एका माऱ्याला पुरेल. शेवटी पिकेट घोड्यावरनं येतो, त्याला तर कधी एकदा जातो असं झालंय, आणि विचारतो, जनरल, निघू का?

लाँगस्ट्रीटच्या तोंडून शब्द निघत नाही. तो नुसती मान हलवतो.

हे शाराने रचलेलं नाही, लाँगस्ट्रीटने स्वतः आठवणींत लिहून ठेवलंय की मला बोलता आलं नाही, मी मानेनेच होकार दिला. त्या मानेच्या एका हालचालीवर माणसं निघाली, आणि तासाभरात त्यातली निम्मी मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. आर्मिस्टेड टोपी तलवारीच्या टोकावर लावून, मागच्यांना दिसावी म्हणून, कठड्यापर्यंत पोचतो आणि तिथे पडतो. समोर ज्या हँकॉकची फौज आहे तो त्याचा जिवलग मित्र, दोघं युद्धाच्या आधी कॅलिफोर्नियात एकत्र होते, तो पण त्याच दिवशी जखमी होतो, भेट होत नाही. ली परत येणाऱ्यांना सामोरा जाऊन सांगत राहतो की चूक माझी आहे.

मी वाचून थांबले. बाबांनी मटकीतली निम्मी मटकी वाटीत परत टाकली, मोजून नाही, ओंजळीने. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "आमचे मेजरसाब होते. हल्ल्याच्या आधी सांजच्याला आले, एकेकाच्या पाण्याच्या बाटलीला हात लावून बघत गेले, भरलीय का. माझ्याशी रोज दोन शब्द बोलायचे. त्या दिवशी बोलले नाहीत. वर पण बघितलं नाही. मला वाटलं माझं काय चुकलं. लई वर्षं वाटत होतं." इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. आईने पण पहिल्यांदा ऐकलं. बाबांनी आयुष्यभर साहेब लोकांच्या तोंडाकडे खालून बघितलं होतं, आणि ह्या पुस्तकाने त्यांना पहिल्यांदा वरच्या बाजूला नेऊन बसवलं, जिथनं खालच्या माणसाच्या डोळ्यात बघता येत नाही. पुस्तकात लीच्या तोंडी ह्याच अर्थाचं एक बोलणं आहे, चांगला सैनिक व्हायचं तर फौजेवर जीव लागतो, आणि चांगला सेनापती व्हायचं तर ज्याच्यावर जीव लावला त्यालाच मरायला धाडायची तयारी लागते. ट्रेनमध्ये वाचताना मला ते नुसतं चांगलं वाक्य वाटलं होतं.

आता अर्धा गुण का कापला ते. एक तर गुलामगिरी. लढाई कशासाठी चाललीय ते पुस्तकात येतं, चेंबरलेनच्या डोक्यात येतं, एका जखमी काळ्या माणसाचा प्रसंग पण आहे, पण तेवढंच. दक्षिणेचे सेनापती इतके जीव लावून रंगवलेत की हे लोक गुलामगिरी टिकवणाऱ्या राज्यासाठी लढतायत हे वाचणारा विसरून जातो. ह्याच मोहिमेत लीच्या फौजेने पेनसिल्व्हेनियातल्या काळ्या माणसांना पकडून दक्षिणेत नेलं होतं, त्यांत स्वतंत्र असलेले पण होते, ते लाँगस्ट्रीटच्या उदासीपेक्षा लहान दुःख नव्हतं. पुस्तक आवडूनसुद्धा मला हे खटकत राहिलं आणि वाचणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच वाचावं. दुसरं म्हणजे मीड. जो जिंकला तो सेनापती, लढाईच्या तीन दिवस आधी फौज हातात मिळालेला माणूस, त्याला पुस्तकात जवळपास जागाच नाही, आणि जी आहे ती पण त्याला लहान दाखवणारी. अशा माणसाच्या डोक्यात बसायला मला फार आवडलं असतं.

बाबांची तक्रार वेगळी. म्हणाले, "ह्यात जेवणाचं कुणी बोलतच नाही." आणि खरंय, पाण्याचं, बुटांचं, उन्हाचं येतं थोडं, अलाबामाची माणसं लिटल राउंड टॉपवर चढली ती वीस-पंचवीस मैल चालून आलेली आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेलेली तुकडी परत आलीच नाही, ती वाटेत पकडली गेली, हे मी दुसरीकडे वाचून त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तिथेच हरली की लढाई. जवानाच्या बाजूने बोलणारा एकच माणूस आहे, किलरेन नावाचा आयरिश म्हातारा, चेंबरलेनवर बापासारखी माया करणारा. तो इतका खरा वाटतो की काल्पनिक आहे हे कळल्यावर बाबांना वाईट वाटलं. मी एक दिवस उशिराच सांगितलं ते.

कुणी वाचावं? ज्यांना 'पानिपत', 'श्रीमान योगी' वाचून रात्री झोप लागली नव्हती त्यांनी नक्की वाचावं. इंग्रजी अवघड नाही, पण पहिली पन्नास पानं नावांचा गोंधळ होतो, जनरल, मेजर जनरल, कोअर, डिव्हिजन, ब्रिगेड, सुरुवातीला लेखकाने दोन्ही फौजांच्या माणसांची ओळख दिलीय तिथे खूण घालून ठेवा आणि लागेल तेव्हा मागे जा. ह्यावर 1993 ला 'गेटिसबर्ग' सिनेमा निघाला, चार तासांच्या वर आहे, आम्ही अजून बघितला नाही कारण बाबांना स्क्रीनकडे एवढा वेळ बघायची परवानगी नाही. शाराच्या मुलाने, जेफ शाराने, पुढे-मागे जोडणाऱ्या दोन कादंबऱ्या लिहिल्या, त्या मी अजून वाचलेल्या नाहीत. शारा स्वतः 1988 ला गेला, म्हणजे सिनेमा आणि त्यानंतर झालेली एवढी विक्री त्याला बघायला मिळाली नाही.

शेवटची काही पानं, कोणाचं पुढे काय झालं ती, मी सोडून देणार होते पण बाबांनी सगळी वाचून घेतली. ब्यूफर्ड त्याच डिसेंबरमध्ये आजारपणात गेला. चेंबरलेन पुढे मेनचा गव्हर्नर झाला आणि लढाईतल्या जुन्या जखमेनेच 1914 ला गेला. लाँगस्ट्रीटने युद्धानंतर लीच्या चुका उघड बोलून दाखवल्या, विरुद्ध पक्षात गेला, तर दक्षिणेने हरल्याचं सगळं खापर त्याच्यावर फोडलं. "आपल्याकडं होळकरांवर फोडलं तसंच," बाबा म्हणाले आणि कपाटाकडे हात केला.

परवा डॉक्टरांनी डोळा बघितला, आता रोज थोडं थोडं वाचायला हरकत नाही म्हणाले. मी गेले तर पलंगावर 'पानिपत' उघडं आणि चादरीला नवी घडी घातलेली, यमुना असावी. आईने ह्या वेळी मटकी लपवून ठेवलीय म्हणून काम राजम्यावर चाललंय.

कुणाकडे 'द किलर एंजल्स'ची नकाशांसकट धड प्रत असेल तर कृपा करून सांगा, हार्बरवर कुठेही येऊन झेरॉक्स काढून लगेच परत करेन. दोन्ही फाटलेले नकाशे हवेत, पण तिसऱ्या दिवसाचा आधी. पिकेटची माणसं निघाली ती जागा आणि तो कठडा यांच्यात नक्की किती अंतर होतं ते बाबांना बोटाने मोजायचंय.